नियमाच्या पोटातली अनिश्चितता

(बी. ए. भाग दोन)

'निसर्ग लहरी आहे' असे आपण सहज बोलून जातो. आपल्या वर्धा जिल्ह्यात तर हे वाक्य दर जून महिन्यात घरोघरी ऐकू येते, कारण येथली कपाशी आणि तूर बहुतांशी आभाळाकडे पाहूनच पेरली जाते. याउलट शाळेच्या पुस्तकात आपण शिकतो की निसर्ग लहरी नसून नियमांनी बांधलेला आहे. सूर्यग्रहण कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी लागणार हे पंचांगात आधीच छापलेले असते आणि ते त्याच वेळी लागते. मग प्रश्न असा पडतो की ज्या विज्ञानाला ग्रहणाचे मिनिट सांगता येते, त्याला पुढच्या महिन्यातला एक पाऊस का सांगता येऊ नये? हवेला काय वेगळे नियम आहेत?

हवेला वेगळे नियम नाहीत. ग्रहांना लागू होणारे न्यूटनचे गतीचे नियमच हवेलाही लागू होतात. म्हणजे अडचण नियमांच्या अभावाची नसून नियमांच्या पोटातच कोठेतरी दडलेली आहे. ही अडचण शोधणारे जे शास्त्र गेल्या शतकात उदयाला आले, त्याला इंग्रजीवरून 'केऑस' म्हणतात. आपण त्याला 'कल्लोळ' म्हणू. त्या कल्लोळाचे मोजमाप करण्याची काही गणिती साधने आहेत. त्यांची ओळख, केवळ बेरीज-गुणाकार जाणणाऱ्या वाचकालाही व्हावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. लेखक स्वतः कला शाखेचा विद्यार्थी आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

देवळालीचे गुरुजी आणि ६१७४

सुरुवात आपल्या महाराष्ट्रातूनच करू. नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नावाचे एक शाळामास्तर होते. मोठी पदवी नाही, मोठे पद नाही, पण आकड्यांचे विलक्षण वेड. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक गंमत मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करा आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करा. जास्तीत जास्त सात वेळा हे केले की ६१७४ ही संख्या हाती येते, आणि एकदा आली की ती हलत नाही.

करून पाहू. १९४८ घेतले, तर ९८४१ वजा १४८९ म्हणजे ८३५२. नंतर ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोनच पायऱ्यांत मुक्कामाला पोचलो. आता शेजारचीच १९४९ घ्या. पायऱ्या अशा येतात: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. सात पायऱ्या लागल्या, वाट निराळी झाली, पण मुक्काम तोच. कोठूनही निघा, पंढरपूर एकच, असा हा प्रकार आहे.

कापरेकरांच्या या कामाची दखल १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात घेतली. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातला मुद्दा एवढाच की एकच नियम पुन्हा पुन्हा लावत गेले असता सुरुवातीचा फरक येथे पुसला जातो. आरंभी थोडी चूक झाली तरी शेवट चुकत नाही. निसर्गाचे सगळेच नियम असे दयाळू असते, तर हवामानखात्याचे काम फार सोपे झाले असते.

किडीचे गणित

आता दुसरा नियम पाहू. १९७६ साली रॉबर्ट मे यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक लेख लिहून कीटकांच्या पिढ्यांचे एक साधे समीकरण सर्वांच्या नजरेस आणले. समजा, एका शेतात कीड आहे. या पिढीत ती जितकी जास्त, तितकी पुढची पिढी जास्त होईल. पण कीड फार झाली तर खायला पुरत नाही आणि पुढची पिढी घटते. शेतात मावेल तेवढ्या किडीला १ मानले आणि प्रत्यक्ष असलेल्या किडीला क्ष म्हटले, तर नियम असा होतो:

नवा क्ष = र × क्ष × (१ − क्ष)

यातला 'र' म्हणजे किडीच्या वाढीचा जोर. आता 'र' ला ४ ही किंमत द्या आणि साध्या कॅल्क्युलेटरवर दोन हिशेब शेजारी शेजारी करा. पहिला ०.३०० पासून, दुसरा ०.३०१ पासून. फरक फक्त एक हजारांश.

पहिल्या पायरीनंतर उत्तरे येतात ०.८४० आणि ०.८४२. फरक नगण्य. पाचव्या पायरीला ०.०८८ आणि ०.०६९, अजून जवळ आहेत. आठव्या पायरीला ०.४४८ आणि ०.७१९, वाटा फुटू लागल्या. दहाव्या पायरीला पहिला आकडा ०.०४३ आणि दुसरा ०.६२०! एकाच्या हिशेबाने शेत जवळजवळ साफ, दुसऱ्याच्या हिशेबाने अर्ध्याहून जास्त शेत किडीने भरलेले. नियम एकच, गुणाकारात चूक नाही, नशिबाचा कोठे संबंध नाही. तरीही दहा पायऱ्यांत दोन्ही हिशेबांचा एकमेकांशी काही मेळ उरला नाही. यालाच कल्लोळ म्हणतात.

कल्लोळ म्हणजे नियमाचा अभाव नव्हे, हे येथे स्पष्ट दिसते. ज्याला आरंभ तंतोतंत माहीत आहे, त्याच्यासाठी सारे निश्चित आहे. पण तंतोतंत आरंभ कोणाच्याही हाती लागत नाही. आपली मोजपट्टी कोठेतरी संपते, आणि मोजपट्टी संपते तेथून पुढचे अज्ञान हा नियम वाढवीत नेतो.

अज्ञानाचे चक्रवाढ व्याज

हे अज्ञान किती वेगाने वाढते? या प्रश्नाला उत्तर देणारे साधन रशियन गणिती अलेक्झांडर ल्यापुनॉव यांच्या नावाने ओळखले जाते. वरच्या उदाहरणात सरासरीने पाहिले तर दर पायरीला फरक दुप्पट होतो. एक हजारांश फरक दहा वेळा दुप्पट केला की १०२४ पट, म्हणजे साधारण १ होतो. आणि आपले सारे शेतच १ एवढे आहे. म्हणून दहाव्या पायरीला भाकीत संपले.

आता यातली खरी मेख पाहा. समजा आपण हजार पट अधिक चांगले उपकरण आणले आणि आरंभ दहा लाखांशापर्यंत अचूक मोजला. मग भाकीत किती पुढे जाईल? हजार पट नव्हे. फक्त आणखी दहा पायऱ्या! सावकाराच्या चक्रवाढ व्याजापुढे जसे कुणब्याचे कष्ट अपुरे पडत, तसे येथे उपकरणांचे सुधारणे अपुरे पडते.

अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांना १९६१ साली हाच अनुभव संगणकावर आला. हवेच्या एका प्रारूपात ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरल्याबरोबर काही काळाने हवामान पूर्णपणे बदलून गेले. १९६३ साली त्यांनी तीन साध्या समीकरणांवर हे सिद्ध करून दाखविले. रोजच्या हवामानाचे तपशीलवार भाकीत साधारण दोन आठवड्यांपलीकडे जात नाही, हे मत त्यानंतर रूढ झाले.

बोल्ट्झमन यांची एन्ट्रॉपी आणि गावची पंगत

अज्ञान मोजण्याचे आणखी एक साधन भौतिकशास्त्रात आधीपासून होते. त्याचे नाव एन्ट्रॉपी. व्हिएन्नाच्या दफनभूमीत लुडविग बोल्ट्झमन (मृत्यू १९०६) यांच्या स्मारकावर त्याचे सूत्र कोरलेले आहे. ते असे सांगते की एखादी वस्तू आतून किती प्रकारे असू शकते त्या शक्यता मोजा आणि त्या संख्येचा लॉगॅरिथम घ्या.

लॉगॅरिथम कशासाठी, हे पंगतीच्या उदाहरणाने समजते. पंगतीला दहा माणसे बसली आहेत. प्रत्येक पानावर पोळी असेल किंवा नसेल. वाढपी पुष्कळ असून कोणीही कोठेही वाढत असेल, तर पानांच्या शक्यता होतात २ × २ × २ असे दहा वेळा, म्हणजे १०२४. वीस माणसे असतील तर शक्यता दहा लाखांच्या वर जातात. माणसे दुप्पट झाली आणि शक्यता हजार पटीहून जास्त झाल्या. पण दोनच्या पायावर लॉगॅरिथम घेतला की उत्तर येते पहिल्या वेळी १० आणि दुसऱ्या वेळी २०. पंगत दुप्पट, एन्ट्रॉपी दुप्पट. वजनाप्रमाणे ती माणसांच्या संख्येबरोबर सरळ वाढते. या गुणाला 'विस्तारी' गुण म्हणतात, आणि बोल्ट्झमन व गिब्ज यांची सांख्यिकीय यामिकी या गुणावर उभी आहे.

आता पंगतीची रीत बदलू. वाढपी एकच आहे आणि तो एका टोकापासून क्रमाने वाढत येतो. मधले पान सोडून पुढे जाण्याची पद्धत नाही. मग शक्यता किती? कोणालाच वाढले नाही, एकाला वाढले, दोघांना, अशा दहापर्यंत: फक्त ११. वीस माणसांसाठी २१. यांचा लॉगॅरिथम घेतला तर ३.४६ आणि ४.३९ येतो. पंगत दुप्पट झाली तरी माप दुप्पट झाले नाही. मापच या पंगतीला बसत नाही. कारण उघड आहे. येथे प्रत्येक पान स्वतंत्र नाही. शेवटच्या पानाचे भवितव्य पहिल्या पानाशी बांधलेले आहे.

१९८८ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे काम करणारे, मूळ ग्रीक वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिनो सॅलिस यांनी सुचविले की अशा बांधलेल्या वस्तूंसाठी माप बदलावे. त्यांच्या सूत्रात 'क्यू' नावाची एक कळ आहे. क्यू १ वर ठेवला की बोल्ट्झमन यांचे जुने सूत्र जसेच्या तसे मिळते. क्यू ० वर आणला की माप होते शक्यतांची संख्या वजा एक. आपल्या दुसऱ्या पंगतीला हे लावून पाहा. दहा माणसांना ११ वजा १ म्हणजे १०, वीस माणसांना २१ वजा १ म्हणजे २०. पुन्हा पंगत दुप्पट, माप दुप्पट! ज्या पंगतीला जुने माप बसत नव्हते, तिला नवे माप नेमके बसले.

मात्र याची किंमत मोजावी लागते. एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या दोन वस्तूंना हे नवे माप लावले तर साधी बेरीज जुळत नाही. एका नाण्याच्या शक्यता २, म्हणून क्यू शून्य असताना त्याचे माप १. दोन स्वतंत्र नाण्यांच्या शक्यता ४, म्हणून माप ३. एक अधिक एक बरोबर तीन! म्हणूनच या शास्त्राला 'अविस्तारी' सांख्यिकीय यामिकी असे नाव पडले. तात्पर्य, सर्वांना एकच मापटे चालत नाही. धान्य पायलीने मोजावे, कापूस क्विंटलने, आणि जमीन एकराने.

कल्लोळाच्या उंबरठ्यावर

आता एन्ट्रॉपी आणि किडीचे गणित एकत्र आणू. 'र' ची किंमत ४ असताना पूर्ण कल्लोळ आहे, हे आपण पाहिले. 'र' लहान असेल, समजा २.५, तर कीड एका आकड्यावर स्थिर होते. कापरेकरांच्या ६१७४ प्रमाणे. 'र' ३ च्या पुढे गेला की एक वर्ष जास्त, एक वर्ष कमी असे दोन आकडे आलटून पालटून येतात. पुढे चार, मग आठ, असे दुपटीने वाढत ३.५६९९ च्या आसपास हे दुपटीकरण संपते आणि कल्लोळ सुरू होतो. या दुपटीकरणामागे ४.६६९ ही एक ठरलेली संख्या आहे, हे मिचेल फायगेनबाउम यांनी १९७५ साली एका हातात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरच्या साहाय्याने शोधून काढले.

३.५६९९ हा आकडा म्हणजे कल्लोळाचा उंबरठा. घरातही नाही, अंगणातही नाही. येथे ल्यापुनॉव यांचे माप शून्य दाखविते, म्हणजे चक्रवाढ व्याज थांबलेले असते. पण फरक अजिबात वाढत नाही असेही नाही. तो चक्रवाढीने न वाढता काळाच्या घाताने वाढतो. १९९७ साली सॅलिस आणि त्यांचे सहकारी प्लास्टिनो व झेंग यांनी दाखविले की येथे क्यू सुमारे ०.२४४५ घेतला तर ही वाढ सूत्रात बसते. त्या हिशेबाने काळ दहा पट झाला की फरकाची कमाल मर्यादा सुमारे २१ पट होते. पूर्ण कल्लोळात दहा पायऱ्यांतच १०२४ पट झाली होती, त्याच्याशी याची तुलना करावी. पूर्ण कल्लोळ म्हणजे पहिली पंगत, जेथे शक्यता दर पायरीला दुप्पट होतात. उंबरठा म्हणजे दुसऱ्या पंगतीचा भाऊबंद, जेथे शक्यता सावकाश वाढतात आणि मापाची कळ फिरवावी लागते.

या सिद्धांतावर आक्षेपही आहेत. क्यू ही कळ आधी ठरवता येत नसेल आणि मोजलेल्या आकड्यांना जुळेल तशी फिरवायची असेल, तर तो नियम न राहता सोय होते, असे काही भौतिकशास्त्रज्ञ म्हणतात. आक्षेप रास्त आहे. उंबरठ्याच्या उदाहरणात क्यू स्वतंत्रपणे काढता येतो, म्हणून ते उदाहरण महत्त्वाचे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत कणांच्या टकरींचे आलेख मांडताना सॅलिस यांचे सूत्र वापरले जाते, परंतु ते तेथे का जुळते यावर चर्चा चालू आहे.

पुण्याचे भाकीत आणि आमचे शेत

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. साहजिकच घरी अपेक्षा असते. "पावसाचं गनित असते का रे तुह्या पुस्तकात?" असे बाबांनी एकदा विचारले. प्रश्न गमतीचा नव्हता. पहिल्या पावसावर सरकी टोबली आणि नंतर पाऊस दडून बसला, तर बियाणे, खत आणि मजुरी मातीत जाते आणि दुबार पेरणीला पुन्हा पैसा उभा करावा लागतो. म्हणून येथे शास्त्राला उत्तर देणे भाग आहे.

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि मोसमी पाऊस यांचा संबंध पाहून १८८६ पासून नियमित भाकीत देणे सुरू केले. १९०४ साली आलेले गणिती गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबांचे संबंध तपासले. पुढे पुण्याचे वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ साली सोळा घटकांचे प्रारूप आले आणि बरीच वर्षे ते लोकांच्या तोंडी होते. परंतु २००२ साली सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे भाकीत असताना प्रत्यक्षात सुमारे ८१ टक्केच पडला. त्यानंतर २००३ पासून खात्याने नवी प्रारूपे आणली.

येथे कोणी विचारील की दोन आठवड्यांपलीकडचे कळत नाही, तर चार महिन्यांचे भाकीत करायचेच कशाला? याचे उत्तर जूल चार्नी आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत पूर्वी काम केलेले जगदीश शुक्ला यांनी १९८१ साली दिले. त्यांचे म्हणणे असे की अमुक दिवशी अमुक ठिकाणी पडणारा पाऊस कल्लोळाच्या ताब्यात आहे, पण हंगामाची सरासरी समुद्राच्या पाण्याचे तापमान, जमिनीतील ओल यांसारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर अवलंबून आहे. म्हणजे सरासरी थोडीफार सांगता येते, तारीख सांगता येत नाही. बैल शेतात पाऊल कोठे टाकील हे सांगता येत नाही, पण दावे किती लांब आहे हे सांगता येते.

आज पुण्याच्या त्या संस्थेत 'प्रत्युष' (२०१८) आणि 'अर्क' (२०२४) असे महासंगणक बसविले आहेत. त्यांच्यावर एकच हिशेब न करता थोड्या थोड्या निराळ्या आरंभांचे अनेक हिशेब एकदम चालवितात. आपण ०.३०० आणि ०.३०१ शेजारी शेजारी चालविले तसेच. सर्व हिशेब एकत्र राहिले तर भाकिताचा भरवसा जास्त, पांगले तर कमी. म्हणूनच भाकितात हल्ली 'अमुक टक्के शक्यता' असे शब्द येतात. ही पळवाट नव्हे. तो अज्ञानाचा प्रामाणिक हिशेब आहे.

शेतकऱ्याला सरासरी पेरायची नसते, त्याला एका विशिष्ट आठवड्यात पेरायचे असते, हेही तितकेच खरे. तेव्हा या शास्त्राचा आपल्याला उपयोग काय? माझ्या मते तो प्रश्न नीट विचारण्यात आहे. 'यंदा मृगात पाऊस पडेल काय?' हा प्रश्न महिनाभर आधी विचारला तर त्याचे ठाम उत्तर कोणाकडेच नाही, पुण्याकडे नाही आणि भेंडवळच्या घटमांडणीकडेही नाही. 'येत्या पाच दिवसांत काय संभवते?' याचे बऱ्यापैकी उत्तर मिळते. आणि जे कळूच शकत नाही, त्यावर भाकिताचा नव्हे तर तजविजीचा उपाय असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओलावल्याशिवाय पेरू नये हा कृषी विभागाचा सल्ला, कपाशीच्या ओळींत तुरीच्या ओळी टाकण्याची जुनी रीत, शेततळे, विहीर, पीक विमा, ही सगळी अनिश्चितता गृहीत धरून केलेली व्यवस्था आहे. आपल्या आज्यापणज्यांनी ल्यापुनॉव वाचला नव्हता, पण सगळे बियाणे एका पावसावर उधळू नये हे त्यांना ठाऊक होते.

विज्ञान सर्व काही सांगते, असे समजणारे आणि विज्ञानाला काहीच कळत नाही, असे म्हणणारे, दोघेही एकच गोष्ट विसरतात. आपल्याला किती कळू शकते याचीही मोजणी करता येते, आणि ती मोजणी हेदेखील ज्ञानच आहे. देवळालीच्या एका शाळामास्तरांनी कागद-पेन्सिलीवर आकड्यांचा मुक्काम शोधला. उंबरठ्यावरचे आकडे अजून पुष्कळ शोधायचे आहेत, आणि त्यासाठी लागणारा कॅल्क्युलेटर आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. आपल्या कॉलेजातील एखाद्या मित्राने किंवा मैत्रिणीने आज संध्याकाळी ०.३०० आणि ०.३०१ चा हिशेब स्वतः करून पाहिला, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.